बाळाचा पहिला स्वेटर: नव्याने सुया हातात घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र संपलं की आमच्या जळगावात दोन गोष्टींची वाट बघितली जाते, भरताच्या वांग्यांची आणि थंडीची. त्याच सुमारास माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली-सुनांचे प्रश्नही सुरू होतात. घरात बाळ येणार असतं, किंवा नुकतंच आलेलं असतं, आणि हातात आयुष्यातल्या पहिल्या सुया असतात. बावीस वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. इथल्या बाळाला विणलेला स्वेटर लागतो तरी का?

लागतो, पण मोजके दिवस आणि दिवसाचे मोजके तास. खान्देशातली खरी थंडी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. या तीन महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा दहाच्या खाली बऱ्याचदा उतरतो, आणि धुळ्यात तर थंडीची लाट आली की पाच-सहापर्यंत जातो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, तोरणमाळच्या बाजूला, गारठा आणखी बोचरा. रावेर-यावलकडे केळीच्या बागा वाचवायला शेतकरी रात्री बांधावर धूर करतात, त्या पहाटे बाळाच्या अंगावर ऊबदार काहीतरी हवंच.

मात्र हीच थंडी सकाळी दहा वाजले की पळते. दुपारी ऊन चटका देतं. म्हणजे आपल्या बाळाचा स्वेटर रोज सकाळी काढावा लागतो आणि रोज संध्याकाळी चढवावा लागतो. ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. लोकर कोणती, गळा कसा, माप किती, हे सगळं तिच्यावरूनच ठरतं.

कोणत्या मापाचा विणू? बाळ तर अजून जन्मलंही नाही.

बाळ कधी जन्मणार यापेक्षा थंडीत ते किती महिन्यांचं असेल, ते बघा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. एप्रिलमध्ये बाळंत होणाऱ्या मुलीची आई मार्चमध्ये हौसेने इवलासा स्वेटर विणते. बाळ येतं ते भर उन्हाळ्यात. झबलंसुद्धा नकोसं होतं त्याला. डिसेंबर उजाडेपर्यंत ते आठ महिन्यांचं झालेलं असतं आणि स्वेटरमध्ये त्याचा हातही जात नाही. माझ्या भाचीसाठी मी हेच केलं होतं. तो स्वेटर एकदाही अंगाला न लागता पेटीत गेला, आणि त्याची हळहळ मला अजून आहे.

एप्रिल-मेचं बाळ असेल तर सहा-आठ महिन्यांचं माप घ्या. ऑगस्टचं असेल तर चार महिन्यांचं. डिसेंबरचंच असेल तर नवजाताचं. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाची छाती सुमारे १३ इंच भरते, आणि सहा महिन्यांच्या आसपास १७ इंचांच्या घरात जाते. स्वेटर छातीपेक्षा दोन-तीन इंच मोठा हवा, कारण आत झबलं असतं आणि बाळ रोज वाढत असतं. शंका आली तर मोठं माप धरा. बाही दुमडता येते, ताणता येत नाही.

सासूबाई म्हणतात, जन्माआधी बाळाचं काही विणू-शिवू नये. मग काय करू?

त्यांचं मन मोडू नका. आपल्याकडे बऱ्याच घरांत ही रीत आहे. बाळाची पहिली झबली-दुपटीही जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची किंवा धोतराची असतात. बाळाच्या कातडीला त्याहून चांगलं कापड शोधून सापडणार नाही. माझा तोडगा असा: आत्ता फक्त सुटे भाग विणा. पाठ विणा, बाह्या विणा. पण जोडू नका, गुंड्या लावू नका. पाचवी झाली की बाळाच्या अंगावर माप धरून मग शिवायला घ्या. रीतही पाळली जाते आणि माप चुकत असेल तर ते शिवायच्या आधी कळतं. बारशाला स्वेटर तयार.

डोक्यातून घालायचा विणू की पुढून उघडा?

पुढून उघडा. पहिल्या स्वेटरसाठी तरी दुसरा विचार करू नका.

लहान बाळाचं डोकं छातीपेक्षा मोठं असतं. पूर्ण दिवसांच्या नवजाताच्या डोक्याचा घेर सुमारे साडेतेरा इंच, आणि साधारण वर्षाचं होईपर्यंत डोकं छातीच्या बरोबरीने किंवा पुढेच असतं. मोठ्यांच्या अंदाजाने गळा विणला की तो कानाशी अडकतो. शिवाय मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यातून काही ओढून काढणं नव्या आईला फार अवघड जातं. आणि आपल्याकडे ते रोज सकाळी दहाला करायचं आहे. पुढून उघडा असला की बाळाला त्यावर निजवायचं, एकेक हात बाहीत घालायचा आणि गुंड्या लावायच्या. ऊन वाढलं की नुसत्या गुंड्या सोडल्या तरी बाळाला बरं वाटतं.

लोकर कोणती घेऊ?

दुकानात ‘बेबी वूल’ म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिकची असते, मेंढीची नव्हे. शिकण्यासाठी ती चांगली. मऊ असते, रोज धुतली तरी आटत नाही, लवकर वाळते. चार पदरी घ्या. फार जाड लोकर आपल्या थंडीला नको, बाळाला घाम येतो. केसाळ, फुलवलेली लोकर तर मुळीच नको. तिचे तंतू सुटतात आणि बाळ मूठ चोखताना तोंडात जातात. लोकर हाताने दाबून ठरवू नका, मानेच्या मागे घासून बघा. तिथे टोचली तर बाळालाही टोचणार.

कपाशीच्या मुलखात राहून सुती धाग्याचा विणू नये का, असंही विचारतात. विणावा, पण दुसरा. सुती धागा जड असतो, ताणून परत जागेवर येत नाही, त्यामुळे नव्या हाताची प्रत्येक असमान ओळ त्यात उठून दिसते. फेब्रुवारीच्या उतरत्या थंडीत मात्र सुती स्वेटरच बरा.

खाली दिलेल्या वीस इंचांच्या मापाला १०० ग्रॅमच्या आसपास लोकर लागते, पण १५० ग्रॅम एकदम घ्या आणि प्रत्येक गोळ्याच्या पट्टीवरचा लॉट नंबर एकच आहे का, ते उजेडात बघा. माझ्या एका पिवळ्या स्वेटरची डावी बाही थोडी हिरवट आहे. एक गोळा कमी पडला, दुकानदार म्हणाला ‘रंग तोच आहे’, आणि मी विश्वास ठेवला. ट्यूबलाइटमध्ये खरंच तोच दिसत होता. अंगणात नेल्यावर कळलं.

सुया कोणत्या नंबरच्या?

दोन जोड घ्या. १० नंबर अंगासाठी, १२ नंबर बॉर्डरसाठी. आपल्याकडच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते. १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, १२ नंबर म्हणजे २.७५, आणि ८ नंबर म्हणजे ४.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी इथे फार सांभाळावं. अमेरिकेतला हिशोब बरोबर उलटा आहे. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते, आणि त्यांची १० नंबरची सुई म्हणजे तब्बल ६ मिलिमीटर. कुणी नुसतं ‘दहा नंबर’ म्हटलं की आधी मिलिमीटर विचारा.

आधी नमुना विणायलाच हवा का? लोकर वाया जाते.

वाया जात नाही, उसवून परत वापरता येते. नमुना न विणता मात्र अख्खा स्वेटर वाया जाऊ शकतो.

१० नंबरच्या सुईवर ३६ टाके घाला. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं पाच इंच विणा. तुकडा ताटावर नीट पसरा, ओढू नका. मधल्या भागात पट्टी ठेवून चार इंचांत किती टाके बसले ते सुईच्या टोकाने मोजा. कडेचे टाके धरू नका, ते खोटं बोलतात. २८ आले तर तुमचा हात खाली दिलेल्या मापाशी जुळतो, म्हणजे इंचाला सात टाके.

मागच्या वर्षी एकीचे २४ आले. चार टाक्यांनी काय होतंय, असं तिला वाटलं. मी तिला तिथेच हिशोब करायला लावला. पाठीचे टाके ७२. इंचाला सात धरले तर पाठ साधारण दहा इंच. इंचाला सहा धरले तर बारा. पुढचा भागही तेवढाच वाढणार, म्हणजे वीस इंचांचा स्वेटर चोवीस इंचांचा. तिने मुकाट्याने तुकडा उसवला आणि ११ नंबरच्या सुया आणल्या. टाके कमी भरत असतील तर बारीक सुई घ्या, जास्त भरत असतील तर ९ नंबरची जाड घ्या. हात बदलायला जाऊ नका. ज्याचा त्याचा हात असतो, तो तसाच राहतो.

टाके किती घालायचे? पूर्ण कृती सांगा.

ही कृती वीस इंच छातीच्या स्वेटरची आहे. साधारण चार ते आठ महिन्यांच्या बाळाला होते. मुंढ्याला आकार मुद्दाम दिलेला नाही. बाही सरळ खांद्यावरून उतरते, त्यामुळे टाके कमी करायची कटकट फक्त पुढच्या गळ्याला.

पाठ: १२ नंबरवर ७२ टाके घाला. एक टाका सुलट, एक टाका उलट अशी बॉर्डर १२ ओळी. मग १० नंबरची सुई घ्या आणि साधी वीण, म्हणजे एक ओळ सुलट, एक ओळ उलट. सहा इंच झाले की दोन्ही कडांना रंगीत दोऱ्याची खूण बांधा, तिथून बाही बसणार आहे. एकूण दहा इंच झाले की खांद्याचे २२ टाके बंद करा, मधले २८ जाड दोऱ्यावर काढून ठेवा, उरलेले २२ बंद करा.

पुढचे दोन भाग: प्रत्येकी ४२ टाके. त्यातले छातीकडच्या कडेचे सहा टाके प्रत्येक ओळीत सुलटच विणायचे. ती गुंड्यांची पट्टी, आणि तिच्यामुळे कड गुंडाळत नाही. बाकी सगळं पाठीसारखं, खूणही सहा इंचांवर. आठ इंच झाले की छातीच्या बाजूने १२ टाके बंद करा. मग गळ्याच्या बाजूला दर दुसऱ्या ओळीत दोन टाके एकत्र विणून एक-एक कमी करा, आठ वेळा. २२ उरतील. दहा इंचांवर बंद करा.

इथे जरा थांबा. दोन पुढचे भाग एकमेकांचे आरसे असायला हवेत, एकाची पट्टी उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे. वर्गातल्या निम्म्या मुली पहिल्या वेळी दोन्ही भाग एकाच बाजूचे विणतात आणि ते शिवायला बसल्यावर कळतं. उपाय सोपा आहे. दोन्ही भाग एकाच सुईवर, दोन वेगळ्या गोळ्यांनी, शेजारी शेजारी विणा. दोन्ही पट्ट्या मधोमध समोरासमोर दिसल्या पाहिजेत. लांबीही आपोआप सारखी येते.

काजं एकाच पट्टीवर, एकूण पाच. पहिलं चौथ्या ओळीत, पुढची दर दोन इंचांवर, शेवटचं गळपट्टीत. पट्टीवर दोन टाके विणा, धागा पुढे घेऊन सुईवरून आणा, पुढचे दोन टाके एकत्र विणा. एवढंच काज. लहान गुंडीला पुरतं.

बाही: १२ नंबरवर ४२ टाके, १२ ओळी बॉर्डर. मग १० नंबरवर साधी वीण, दर सहाव्या ओळीत दोन्ही कडांना एक-एक टाका वाढवत ५६ करा. सहा इंच झाले की सैल हाताने बंद करा. घट्ट बंद केलेली बाही खांद्याला आवळते.

खांदे जोडल्यावर गळ्याभोवती साधारण ८० टाके उचला, १२ नंबरवर सहा ओळी बॉर्डर विणा आणि बंद करा.

डिसेंबरच्या नवजातासाठी पाठीला ७२ ऐवजी ५८ टाके घाला आणि बाकीचं त्याच प्रमाणात कमी करा.

टाका गळला तर?

घाबरून सुई ओढू नका. गळलेल्या टाक्यात लगेच सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे तो आणखी खाली पळणार नाही. मग सुलट बाजू समोर घेऊन क्रोशाची सुई त्या फासात घाला आणि वरच्या आडव्या धाग्यांच्या पायऱ्या एकेक करून फासातून ओढत वर या. शेवटी टाका डाव्या सुईवर ठेवा.

४२ टाके घातले होते, आता ४७ कसे झाले?

दोन कारणं असतात. उलट टाक्यानंतर सुलट विणताना धागा पुढेच राहिला की सुईवर नवा वेढा पडतो. दुसरं, ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे ओढला की पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि ते दोन टाके वाटतात. ओळ सुरू करताना धागा नेहमी सुईच्या खाली ठेवा. आणि दर चार ओळींनी टाके मोजा. चार ओळी उसवायला दोन मिनिटं लागतात, चाळीस उसवताना रडू येतं.

उन्हाळ्यात विणते. हाताला घाम येतो, लोकर सुईला चिकटते.

दुपारी विणूच नका. पहाटे किंवा रात्री गच्चीवर वारा सुटल्यावर बसा. हात धुऊन कोरडे करा, मांडीवर स्वच्छ सुती पंचा पसरा. घामेजल्या हातांनी वीण घट्ट होते, म्हणून मेमध्ये सुरू केलेला भाग आणि नोव्हेंबरमध्ये विणलेला भाग एकाच मापाचे येत नाहीत. नमुना पुन्हा मोजा. पांढरी लोकर उन्हाळ्यात हातात घेऊ नका, पिवळट पडते.

शिवताना आणि गुंड्या लावताना काय बघायचं?

मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई घ्या आणि त्याच लोकरीने शिवा. आधी खांदे, मग खुणेपासून खुणेपर्यंत बाही, शेवटी बाहीची आणि कुशीची शिवण एकाच दमात. आतल्या बाजूला गाठी ठेवू नका, धाग्याची टोकं दोन-तीन इंच विणीत ओवून टाका. रंगीत नक्षी करायची हौस असेल तर ती पाठीवर करा, बाहीत नको. आतल्या बाजूच्या लोंबत्या धाग्यांत बाळाची बोटं अडकतात. एकदा एका बाळाच्या करंगळीभोवती असा धागा आवळलेला मी स्वतः सोडवला आहे. बोट लालबुंद झालं होतं. तेव्हापासून मी बाह्या साध्याच विणते.

गुंड्या चपट्या आणि दणकट दोऱ्याने शिवलेल्या असाव्यात. लावल्यावर जोर लावून ओढून बघा. दर धुण्यानंतर पुन्हा बघा, कारण बाळ गुंडी तोंडात घालतंच. गळ्याला नाडी किंवा लोंबते गोंडे लावू नका, ते गळ्याला आवळू शकतात.

शेक-धुरीच्या वेळी स्वेटर अंगावर ठेवावा का?

नाही. आपल्याकडे न्हाऊ घातल्यावर बाळ-बाळंतिणीला शेगडीचा शेक देतात, ओवा-वावडिंगाची धुरी देतात. अ‍ॅक्रिलिक ठिणगीने वितळतं आणि कातडीला चिकटतं. शेगडी असलेल्या खोलीत बाळाच्या अंगावर सुतीच कपडे हवेत, आणि बाळंतिणीच्या अंगावरही. धूर तर बाळाच्या नाकातोंडात जाऊच देऊ नये.

झोपवतानाही बेताने. आजी म्हणते, ‘भलता गारठा शे’, आणि बाळावर स्वेटर, कुंची, दोन दुपटी आणि वर गोधडी चढते. तिची माया खरी आहे, पण बाळाला जास्त गरम होणंही धोक्याचं. आपल्या अंगावर जेवढे कपडे आहेत त्यापेक्षा एक थर जास्त, एवढं बाळाला पुरतं. हातपाय गार लागले म्हणून थंडी वाजते असं धरू नका, बाळाचे हातपाय गार असतातच. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून बघा. घाम लागला तर एक कपडा काढा.

धुवायचा कसा?

साध्या पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि खाटेवर आडवा पसरून सावलीत वाळवा. दोरीवर टांगला की लांब होतो. इस्त्री नको, वीण कायमची चपटी होते. बाळाला घालायच्या आधी एकदा धुवाच.

थंडी संपल्यावर पुढच्या बाळासाठी ठेवायचा आहे. डांबराच्या गोळ्या टाकू का?

बाळाच्या कपड्यांत कधीच नाही. त्या गोळ्यांतलं नॅप्थलिन कपड्यात मुरतं. ज्या बाळांना जन्मतः जी-६-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि मोठी कावीळ होऊ शकते. आपल्या बाळाला ही कमतरता आहे की नाही, हे आपल्याला बघून कळत नाही.

धुऊन पूर्ण वाळवा, जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात गुंडाळा, सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवा. सोबत एका चिठ्ठीवर लिहा: टाके किती, सुई कोणती, बाळ किती महिन्यांचं असताना नीट झाला. उरलेल्या लोकरीचा लहान गोळाही त्यातच ठेवा. कोपराला भोक पडलं तर त्याच रंगाची लोकर हाताशी असेल.